मागची मूठ माझी

आमच्या घरचा, फळ्या तासून गुळगुळीत करायचा रंधा दोघांनी चालवायचा. हातभर लांब, सागाचा, मागे मूठ आणि पुढे आडवी दांडी. एकानं मूठ धरून ढकलायचं, समोरच्यानं दांडी धरून ओढायचं. लग्न होऊन पोंभुर्ण्याजवळच्या या गावात आले, तेव्हापासून मूठ नवऱ्याची आणि दांडी माझी. लोक म्हणत, सुतार मोठा हातगुणाचा. समोरून ओढणाऱ्या बाईबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं खोटं कशाला सांगू? वाटायचं. घरात बोलूनही दाखवायची, आणि नवरा हसून सोडून द्यायचा.

मागच्या उन्हाळ्यात गावातल्याच एका भाऊंच्या नव्या घराचं दार आमच्याकडे होतं. एक फळी अर्धी रंधून झाली आणि यांचा उजवा हात एकदम सुटला. मी आपली ओढतेच आहे. रंधा तिरपा होऊन दगडावर आपटला आणि त्याच्यावर हे पडले. लकवा होता. चंद्रपूरच्या दवाखान्यातून आणलं तेव्हा पाय चालू लागले होते, उजवा हात मात्र लोंबतच राहिला. रंध्याची मूठ मुळातून मोडली होती आणि दांडी उभी चिरली होती. ती अर्धवट फळी पडवीत भिंतीला टेकून उभी होती. निम्मी गुळगुळीत, निम्मी खरबरीत.

दसऱ्याला आम्ही हत्यारं धुऊन पुसून हळदकुंकू वाहतो. मी वाकस, करवत, पटाशी मांडली आणि मधोमध रंधा ठेवला. यांनी डाव्या हातानं तो बाजूला सारला. मोडक्याची पूजा नको, चुलीत घाल म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सणाचा दिवस म्हणून गप्प बसले, पण रंधा उचलून पुन्हा मधेच ठेवला आणि त्याला सगळ्यांपेक्षा जास्त कुंकू लावलं.

दोन-चार दिवसांनी दारवाले भाऊ आले. बिचारे सरळ माणूस. फळ्या चंद्रपूरला मशीनवर नेतो म्हणाले. यांनी त्यांच्याकडे न बघताच मान हलवली. फळी अंगणाबाहेर गेली की हा माणूस खाटेवरून उठायचा नाही, हे मला त्याच घडीला कळलं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा भाऊ, दार मी देते. त्यांना वाटलं, बाई दुःखात काहीतरी बोलून राहिली. पण थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला लागले. रंध्याच्या खाचेत मुठीचं मूळ अडकलेलं होतं, जुन्या सरसानं चिकटलेलं. गरम पाण्याचं फडकं ठेवून ठेवून ते सैल केलं आणि पटाशीनं हळूहळू काढलं. नवीन मुठीसाठी बैलगाडीच्या जुन्या आसाचा तुकडा घेतला. धावड्याचं लाकूड! असं चिवट की कानस किंचाळत होती. मोडकी मूठ समोर ठेवून मी तशीच घडवत होते. यांच्या अंगठ्यानं जिथं खळगा पाडला होता, तिथं मीही खळगा पाडला.

हे तोंड फिरवून बसलेले, पण कान सारे इकडे. एक दिवस न विचारता म्हणाले की कानशीच्या रेषा पडून राहिल्या, काचेनं खरवड. मी वर पाहिलं नाही. मनातून मात्र म्हटलं, आलात का बापा ठिकाणावर!

काचेच्या तुकड्यानं खरवडली, घासकागद मारला, जवसाचं तेल पाजलं. मूठ अशी चमकली की माझीच मला दृष्ट लागेल. ती यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्या मुठीत कोंबली. माझी बोटं पुरली नाहीत.

"कोनाच्या हातासाठी केली हे?"

"तुमच्या. अजून कोनाच्या?"

त्यांनी डाव्या अंगठ्यानं तो खळगा चाचपला. मग म्हणाले, "अजून उतरव. तुह्या हाताची कर."

मला रडूच आलं, आणि रागही. तुमचा हात बरा होईल, मी भांडले. होईल तेव्हा नवी करू, दार आता द्यायचं आहे, त्यांनी ऐकवलं. मग नव्या दांडीचं सांगितलं: मधे जाड ठेव, एका हातानं पकडता आली पाहिजे. डोळे पुसत पुसत मी तो खळगा घासून काढला.

दिवाळीच्या आधी फळी आडवी टाकली. मागे मी, समोर हे. पहिल्याच झटक्याला रंधा अडकला. मी दाबून राहिले होते. त्यांनी डोळ्यांनीच हात सैल कर म्हणून खुणावलं आणि ओढलं. रंध्याच्या तोंडातून कागदासारखी पातळ साल गुंडाळत वर आली. काम संपल्यावर मी फळीवरून तळहात फिरवला. त्यांचं कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं, सापडलं नाही.

दार न्यायला भाऊ आले. हात फिरवून खूश झाले आणि यांना म्हणाले की हात तोच आहे तुमचा.

यांनी डाव्या हातानं माझ्याकडे दाखवलं.

"हात तिचा आहे जी. मी त समोरून ओढत होतो."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. दुसरी एखादी लाजून आत गेली असती. मी नाही गेले.