मामाजींच्या पदकांच्या फिती

लग्न होऊन मी अनसिंगला आले त्याला वर्ष उलटून गेलं, तरी सासऱ्यांशी मी एक वाक्यही समोरासमोर बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. तेव्हा आमच्याकडे रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर पदर घ्यायचा, आणि काही सांगायचं असलं तर सासूच्या तोंडून सांगायचं. सासऱ्यांना मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणायचं, हे मला आईनं शिकवून पाठवलं होतं. त्यातलं मामाजी म्हणायची वेळ काही येत नव्हती. माझे यजमान मानोऱ्याकडे एका खेड्यात मास्तर होते, शनिवारी घरी येत. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघंच.

मामाजी दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. ब्रह्मदेशात जाऊन आले होते, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडे ते कधी बोलल्याचं ऐकलं नाही. सकाळी शेतावर जायचे, संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसायचे.

बांगलादेशची लढाई संपली आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गावात दवंडी झाली. सव्वीस जानेवारीला वाशीमला जुन्या शिपायांचा सत्कार आहे, ज्यांच्याकडे पदकं असतील त्यांनी ती लावून यावं. त्या दिवशी जेवण झाल्यावर मामाजींनी आढ्याजवळच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा खाली काढला. मी चुलीपाशी भांडी आवरत होते. झाकण उघडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर त्यांच्या बोटांत रंगीत भुसा होता. फितींना कसर लागली होती. हात लावला की चुरा होत होता.

त्यांनी झाकण लावलं. "मले नाई जमत वाशीमले," असं आत्याबाईंना म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ते शेतावर गेल्यावर मी आत्याबाईंना विचारून डबा उघडला. आत चार पदकं होती. दोन सहा टोकांच्या चांदण्या, दोन गोल. एका गोलावर सिंह एका दोन तोंडांच्या अजगरासारख्या प्राण्यावर उभा होता. दुसऱ्यावर हिंदुस्थानचा नकाशा होता, फाळणीच्या आधीचा, अख्खा. मी मॅट्रिक झालेली होते, भूगोल मला आवडायचा. तो नकाशा मी बराच वेळ पाहत बसले. एवढी वजनदार वस्तू आपल्या डोक्यावरच्या फळीवर होती आणि आपण खाली रोज भाकरी थापत होतो, असं वाटलं.

"आत्याबाई, फिती मी करून देतो," मी म्हटलं.

"तुले येते का वं ते? फौजेतलं काम हाय."

"शिवणच तं हाय. रंग तेवढे मालूम पाह्यजे."

बाजाराच्या दिवशी मी पोरींच्या केसांच्या रिबिनी आणल्या. लाल, पांढरी, नारिंगी, फिकी निळी. गडद निळा काही मिळेना, तो माझ्या एका ब्लाउजच्या उरलेल्या कापडातून काढला. रिबिनीच्या बारीक पट्ट्या कापून त्या कडेला कडा लावून आतून शिवायच्या, असा माझा बेत होता. अडचण एवढीच की कोणता रंग कुठे, हे फक्त मामाजींना ठाऊक, आणि मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

मग आत्याबाई आमच्यामधलं टपाल झाल्या. पिठाचे हात घेऊन ओसरीवर जायच्या आणि परत यायच्या.

"ते म्हणतात निळा, मंग लाल, मंग निळा."

"दोन्ही निळे एकसारखेच का?"

त्या परत गेल्या. "एक गडद अन् एक फिका."

"गडद कोणत्या बाजूनं?"

आत्याबाई दारातच थांबल्या. त्यांनी कपाळाला हात लावला तसं पीठ कपाळाला लागलं. तेवढ्यात ओसरीवरून मामाजींचा आवाज आला. "तिलेच पाठव इकडं. पदर-गिदर राहू दे म्हणा. हे काम समोर बसल्याबिगर होत नाई."

मी गेले. खाली मान घालून पट्ट्या त्यांच्यासमोर चटईवर मांडल्या. ते माझ्याकडे न पाहता पट्ट्यांशी बोलावं तसं बोलू लागले. "हा गडद निळा दर्यावरच्या फौजेचा. लाल आमचा, जमिनीवरच्यायचा. अन् हा फिका, इमानावाल्यायचा. समजलं का, बाई?"

"हो जी, मामाजी."

हे माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं.

तीन फिती अशा जुळल्या. चौथीवर गाडी अडली. ब्रह्मदेशाची चांदणी. मधे लाल, दोन्हीकडे गडद निळा, हे त्यांना पक्कं आठवत होतं. नारिंगी रेघ लालाला चिकटून होती की निळ्याच्या मधोमध, ते आठवेना. त्यांनी पट्ट्या अशा लावून पाहिल्या, तशा लावून पाहिल्या. "एवढी छातीवर वागवली," ते म्हणाले, "अन् आता मले दोन्ही खऱ्याच वाटून राह्यल्या."

अंदाजानं शिवलं असतं तरी वाशीमला कोणाच्या लक्षात आलं नसतं. मी तसं हळूच म्हणूनही पाहिलं. ते म्हणाले, "लोकायच्या नाई, माह्या ध्यानात राहीन ना." मग जरा वेळानं म्हणाले, "शिरपूरले एक दोस्त हाय. त्याच्यापाशी असन."

आम्ही दोघं बसनं शिरपूरला गेलो. सून आणि सासरा एका बसमध्ये शेजारी. कंडक्टर आम्हाला बापलेकच समजला. मामाजींनी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

त्यांचा दोस्त मोठा शेतकरी होता. जैन मंदिरापासून थोड्या अंतरावर त्यांचं घर, दारात दोन बैलजोड्या. मामाजींना पाहून तो माणूस बाजेवरून उठला, टाचा जुळवल्या आणि "जयहिंद" म्हणाला. मग दोघंही जरा लाजले.

"काय गा, लय वर्सानं आठवन आली."

"काम होतं म्हणून आलो. नाईतं तू कुठं बोलावतं?"

तेवढ्यात घरातून चहा आला. त्यांच्यासाठी कपबशी, आमच्यासाठी वळचणीला ठेवलेले दोन काचेचे ग्लास. ते ग्लास कोणासाठी वेगळे ठेवलेले असतात, हे मला सांगायला नको होतं. मामाजींनाही नको होतं. त्यांनी मुकाट्यानं ग्लासाकडे हात नेला. त्यांच्या दोस्तानं तो ग्लास आधीच उचलला, आपली कपबशी मामाजींच्या हातात दिली आणि दुसरा कप आणायला आत हाक मारली. तो माझ्यासाठी होता.

"तिकडं एका मगात प्यायलो आपन," एवढंच दोस्त म्हणाले आणि ग्लासातला चहा पिऊ लागले. दारात उभी असलेली त्यांची सून आत गेली आणि कप घेऊन आली.

मग पदकांची गोष्ट निघाली. दोस्तांची पदकं देवघरात होती. दर दसऱ्याला हत्यारांबरोबर त्यांचीही पूजा व्हायची. इतक्या वर्षांच्या हळदीकुंकवानं ब्रह्मदेशाच्या चांदणीची फीत आरपार माखली होती. निळा नाही, नारिंगी नाही, सगळं एकसारखं विटकरी. मामाजींनी ती खिडकीतल्या उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि खाली ठेवली. मला त्यांच्याकडे पाहवेना.

मी फीत हातात घेतली. वर जिथं ती टाचणीच्या पट्टीभोवती दुमडून शिवलेली होती, तो भाग बोटांना जाड लागला. शिवणारीला हे ठाऊक असतं की जुन्या लुगड्याचा खरा रंग काठाच्या दुमडीत राहतो. मी म्हटलं, "एवढी शिवण उसवली तं चालन का? पुन्हा जशीच्या तशी घालून देतो."

घरधनीण म्हणाल्या, "देवातली वस्तू हाय, बाई."

"उसवू दे," दोस्त म्हणाले. "मलेही पाहू दे."

पिशवीत सुई होतीच. चार टाके काढले आणि दुमड उघडली. आत बोटाच्या पेराएवढा कोरा तुकडा होता, जणू कालच दुकानातून आणलेला. मधे लाल, दोन्हीकडे गडद निळा, आणि त्या निळ्याच्या मधोमध नारिंगी रेघ.

दोघं म्हातारे डोक्याला डोकं लावून तो तुकडा पाहत राहिले. "मधातच होती," मामाजी म्हणाले. दोस्तांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. मग दोघं कुठल्याशा नदीचं, चिखलात रुतलेल्या गाडीचं, एका स्वयंपाक्याचं बोलू लागले. घरधनीण, त्यांची सून आणि मी ऐकत बसलो. त्या दोघींनीही ते कधी ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून कळत होतं. निघताना दोस्त मला म्हणाले, "पोरी, मलेही एक करून दे. हे देवात राहू दे, मले आंगावर लावाले पाह्यजे."

वाशीमच्या सत्काराला दोघं शेजारी उभे राहिले. रांगेतून फिरणारा एक फौजी अधिकारी मामाजींपाशी थांबला. त्यानं फीत दोन बोटांत धरून पाहिली आणि हिंदीत विचारलं, "ये कहाँ से मँगवाया?"

"घर का है, साहब," मामाजी म्हणाले. "हमारी बहू ने सिया."

हे त्यांनी घरी सांगितलं नाही. मला शिरपूरच्या दोस्तांकडून कळलं.

त्यानंतर लोक आमच्या घरी यायला लागले. रिसोडकडून, मालेगावकडून, कोणी पदक रुमालात बांधून, कोणी तंबाखूच्या डबीत घालून. मी फीत करून द्यायची आणि बदल्यात जुनी, फाटकी फीत मागून घ्यायची. पदक मी एकही ठेवलं नाही, ठेवायचा मला अधिकारही नव्हता. पण ते जीर्ण तुकडे मी एका मांजरपाटावर टाचून ठेवू लागले. मामाजी संध्याकाळी विहारातून आले की कापड मांडीवर घ्यायचे आणि एकेका तुकड्याची ओळख सांगायचे. ही कोणत्या मुलखाची, ही कोणत्या लढाईची. त्यांना ओळखता न येणारी फीत आली की वाशीमच्या बाजारात जुना शिपाई गाठून विचारून यायचे. मी ते सगळं डोक्यात साठवत गेले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच यजमानांना सांगितलं, "तिले मास्तरनीच्या कोर्सले घाल. तिचं डोकं चुलीपाशी वाया जाऊन राह्यलं." मी शिकले, नोकरी केली, ती त्या एका वाक्यामुळे.

एका रामनवमीला आम्ही पोहरादेवीच्या यात्रेला गेलो होतो. दुपारी एका लिंबाखाली बसलो तर शेजारी एक बंजारा बाई बसलेली. गळ्यात रुपयांची माळ. मामाजी अस्वस्थ झाले. मला हळूच म्हणाले, "त्या माळीतलं मधातलं पाह्य. ते नाणं नोहे. परक्या बाईच्या गळ्याकडं मले पाहता येत नाई, तू विचार."

मी सरकून बसले आणि विचारलं. ती म्हणाली, "बापाचा मोठा रुपया हाय. मायनं मले लग्नात देला." तिनं माळ पुढे केली. एका बाजूला राजाचं डोकं, झिजून गुळगुळीत झालेलं. कडेवर मात्र बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. मी माळ तिरपी करून वाचलं. आधी एक आकडा, मग एक नाव, मग पलटणीची खूण. मामाजींनी ती ऐकून सांगितलं, पहिल्या मोठ्या लढाईतलं आहे, खच्चरांच्या पलटणीतलं.

"नाव काय म्हणलं?" तिनं विचारलं.

मी नाव पुन्हा वाचलं.

तिनं लिंबाच्या पलीकडे बसलेल्या आपल्या भावाला बोलावलं, नातवंडांना बोलावलं. "आता वाच," म्हणाली. तिचा बाप तांड्यात दुसऱ्याच नावानं ओळखला जायचा. हे त्याचं ठेवलेलं नाव लिहिलेलं कुठे असेल, असं त्यांच्यातल्या कोणाला वाटलं नव्हतं. मी वाचलं. भाऊ म्हणाला, "आमी तं त्याले कधी कोनी या नावानं हाक मारलेली नाई आयकली." मग त्या बाईनं फडकं सोडलं आणि आम्हा दोघांना ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा वाढला. नको म्हणायची सोय नव्हती. मामाजींनी दोन भाकरी खाल्ल्या.

माझ्या संग्रहात आज जे काही आहे ते एका ट्रंकेत मावतं. ते विकत घ्यायला लोक येतात आणि मी देत नाही. मला त्यात दिसतात ती माणसं. ओळखपाळख नसताना त्यांनी देवघरातली, पेटीतली, गळ्यातली वस्तू माझ्या हाती दिली, आणि शेजारी बसून ती कशी पाहायची हे मला मामाजींनी शिकवलं. माझ्या वाट्याला असं सासर आलं, याबद्दल मी अजूनही मनातून हात जोडते.