सोळा तास उजेड

टेंभुर्णीजवळच्या एका नर्सरीतून मी दरवर्षी मिरचीची रोपं आणतो. तिथला मालक इतकं हळू बोलतो की जरा पुढं झुकून ऐकावं लागतं. बंद खोलीत, दिव्यांखाली तो रोपं वाढवतो. दिवे किती वेळ चालू ठेवता, असं मी एकदा विचारलं होतं.

"सोळा तास, भाऊ. कमी केलं तर रोप नुसतं लांबतं. मंग आठ तास बिलकुल अंधार. त्यालाबी झोप लागती. झोपू न्हाई दिलं तर पानं पिवळी पडतेत."

बोलताना तो बोटाच्या टोकानं पानं कुरवाळत होता. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं होतं.

यंदा गेलो तेव्हा ट्रे भरणारी मावशी भिंतीला टेकून झोपली होती. मालकानं हाक मारली तशी ती दचकून उठली. नातू जाफराबादच्या दवाखान्यात होता. दोन रात्री त्याच्या उशाशी बसून ती तिथूनच कामावर आली होती.

मालकानं सगळं ऐकून घेतलं. आवाज जराही चढवला नाही.

"उद्यापासून येऊ नको, मावशे."

"मालक, आजच डोळा लागला हो. कधी लागला का आधी?"

"न्हाई. पण आता लागला ना."

ती पदराला हात पुसत बाहेर गेली. तो माझ्याकडं वळला आणि तितक्याच मऊ आवाजात म्हणाला, "बोला भाऊ, किती ट्रे देऊ?"

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं.

"चार," मी म्हणालो.