गुलाबी न झालेलं तेल

तळणीतून खवट वास आला की माझा हात आपसूक गालावरच्या व्रणाकडे जातो. तेलाच्या कारखान्यात मी तेलाची आम्लता तपासायचे. नमुन्यात रंग दाखवणारं रसायन घालून काचेच्या नळीतून थेंबथेंब क्षार सोडायचा. नमुना गुलाबी व्हायला जितका जास्त क्षार लागेल, तितकं तेल खराब. टँकरभर तेल विकायला आलेल्या एका व्यापाऱ्याचा नमुना गुलाबी होईचना.

"टँकर परत न्या," मी त्याला म्हटलं.

त्यानं केस धरून माझं तोंड टेबलावर आपटलं. नळी फुटली, काच गालात घुसली.

"पास लिही," मान दाबत तो म्हणाला.

मी नापास लिहिलं. त्यानं पुन्हा आपटलं, तेव्हा कुठे माणसं धावली.

लोक मला धीट म्हणतात. खरं तर मी इतकी घाबरले होते, की खोटं लिहायचं सुचलंच नाही.