हुलुसी कप्तानचे थांबे

तुर्कस्तानात बसच्या ड्रायव्हरला कप्तान म्हणतात. समुद्राकाठच्या रस्त्यानं मेर्सिनहून अंताल्याला जाणारी बस हुलुसी कप्तानने उमेदीची सगळी वर्षं चालवली, आणि ठरलेल्या थांब्याखेरीज ती कुठेही उभी केली नाही. लोक त्याला त्यावरूनच ओळखत. एकदा नवं लग्न झालेलं एक जोडपं पुढे येऊन गयावया करू लागलं. त्यांना समुद्रातल्या किल्ल्यासमोर फोटो काढायचा होता. कप्तानने मान वळवली नाही. "किल्ला शेकडो वर्षं तिथंच आहे. तुमची पोरं मोठी होईपर्यंत कुठं पळून जात नाही. बसा जागेवर."

माणूस तसा दुष्ट नव्हता. पण सिलिफ्केच्या पुढे रस्ता म्हणजे एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला थेट पाणी, वळण संपतं न संपतं तोच पुढचं वळण. तिथं नजर हलली म्हणून गेलेल्या सोबत्यांच्या दफनाला तो जाऊन आला होता. त्यामुळे जन्मभर समुद्राशेजारून गाडी हाकूनही त्याला समुद्र ठाऊक होता तो डोळ्याच्या कोपऱ्यातल्या निळ्या पट्ट्याइतका.

साठी यायच्या आतच त्याचे डोळे बिघडले. सरळ बघितलं की मधोमध धुरकट डाग, कडेचं तेवढं नीट दिसे. परवाना गेला, बस गेली. हुलुसी दिवसभर गॅलरीत बसून खालच्या गाड्यांचे आवाज ऐके आणि "याचा क्लच गेलाय", "हा ब्रेक जाळतोय" असं स्वतःशीच पुटपुटे. बायको नेबाहत आतल्या खोलीत शाळेचे गणवेश शिवायची. तिला ते पुटपुटणं मशीनच्या आवाजातूनही ऐकू येई.

एका सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "मला गाडीचा परवाना मिळाला."

"कसला परवाना?"

"चालवायचा. पहिल्यांदा नापास झाले, गाडी मागे घेताना. दुसऱ्यांदा पास. पुढच्या आठवड्यात सेव्हिमकडं अंताल्याला जाऊ. वाटेत थांबत थांबत."

हुलुसीला ठसका लागला. तिनं पाठ थोपटली आणि टेबलावर नकाशा पसरला. एका टोकावर ऑलिव्हची वाटी ठेवली, दुसऱ्यावर पावाची टोपली.

नवऱ्यानं सुचवलेले थांबे असे होते: पहिला पेट्रोल पंप, मग मसुरीचं सूप चांगलं मिळतं ती खानावळ, मग दुसरा पंप, कारण तिथला संडास स्वच्छ.

"मी काय संडास बघायला निघालेय?" नेबाहत म्हणाली. "मला समुद्रातला किल्ला बघायचाय. आनामूरचा मामुरे किल्ला बघायचाय. मधल्या एखाद्या खाडीत पाय बुडवायचेत. आणि बोगद्यांतून जायचं नाही, जुन्या रस्त्यानं जायचं."

"जुन्या रस्त्यानं? परवाना मिळून किती दिवस झाले गं तुला?"

टेबलावरच्या फोनच्या स्पीकरवर सेव्हिम होती, नेबाहतची धाकटी बहीण. ती तिकडून ओरडली, "दाजी, तुम्ही आता प्रवासी आहात. प्रवाशानं गप बसायचं असतं!"

ते त्याला लागलं.

दोघं छोट्या गाडीतून निघाली त्या दिवशी प्रवाशाला गप बसणं जमलं नाही. "दुसरा गिअर टाक. अगं, दुसरा! हॉर्न दे. त्याला जाऊ दे पुढं." पायाखाली नसलेला ब्रेक तो सारखा दाबत होता. समुद्रातला किल्ला भांडणातच बघून झाला. सिलिफ्के ओलांडल्यावर नेबाहतनं गाडी कडेला घेतली.

"मागं बस."

"काय?"

"मागच्या सीटवर जाऊन बस, हुलुसी. नाहीतर इथून बस पकड. तुझे दोस्त फुकट नेतील."

तो मागे जाऊन बसला. नेबाहत हळू चालवत होती, मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत पुढे जात होते. पण वळणं ती नीट घेत होती, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं रस्त्याकडे बघणं सोडून दिलं. मान जरा तिरकी केली की डोळ्याच्या कडेनं समुद्र दिसत होता, आणि तो सगळा एकाच निळ्या रंगाचा नव्हता.

मामुरे किल्ल्यात दोघं तटावर चढली. खाली उतरताना तिनं त्याचा हात धरला. भांडण तिथं मिटलं असावं, कारण नंतर तो पुन्हा पुढे येऊन बसला आणि तिनं काही म्हटलं नाही.

आनामूरच्या पुढे चढ लागला तसा तो एकदम म्हणाला, "पुढच्या वळणानंतर जरा थांबशील? केळीवाली असते तिथं."

"केळी आनामूरलाच ढीगभर होती."

"तिच्याकडची घ्यायचीत." थोड्या वेळानं त्यानं सांगितलं, "मी दर फेरीला दोनदा हॉर्न द्यायचो. ती हात करायची. बास."

"दर फेरीला?"

"हो."

"इतकी वर्षं?" नेबाहतनं त्याच्याकडे पाहिलं. "नाव काय तिचं?"

"मला काय ठाऊक? थांबलोच नाही कधी."

केळीवाली अजून तिथंच होती. टपरीच्या सावलीत पाठ टेकून बसलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, गुडघे दुखत असावेत. तिनं गिऱ्हाईक म्हणून दोघांकडे पाहिलं. हुलुसी परत गाडीशी गेला आणि खिडकीतून हात घालून त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. छोट्या गाडीचा हॉर्न चिरका वाजला. बाई बघत राहिली, मग सावकाश उठली.

"मेर्सिनची बस?"

"हो, बाई."

"मेल्या, तुझ्यामुळे माझ्या किती शेळ्या दचकून खाली पळाल्या! शिव्या देत हात उगारायचे मी."

नेबाहत इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. हुलुसी कानापर्यंत लाल झाला. बाईचं नाव झेकिये होतं. तिनं चहा ठेवला, घडातली आतली पिकलेली केळी काढून दिली, आणि मुलगा जर्मनीत असल्याचं, बोगदे झाल्यापासून धंदा बसल्याचं सांगितलं. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथंच होती.

त्या दिवशी काही अंताल्या गाठता आलं नाही. गाझीपाशात एका घरगुती लॉजमध्ये मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशीही दोघं मध्येच दोन ठिकाणी रेंगाळली. सेव्हिमनं दार उघडताच विचारलं, "चालत आलात की काय?" तिचा स्वयंपाक दोनदा वाया गेला होता. त्याबद्दल ती जेवताना सारखं बोलत राहिली, आणि हुलुसीनं सगळं ऐकून घेतलं.

पुढच्या वसंतात नकाशा नेबाहतच्या आधी त्यानं उघडला. या खेपेला पूर्वेकडचा, इस्केंदरुनच्या बाजूचा. तो भाग त्याच्या फेरीत कधी आला नव्हता. भिंग धरून, मान तिरकी करून तो किनाऱ्यावरची नावं एकेक वाचत होता. नेबाहतनं शिवण बाजूला ठेवून खुर्ची जवळ ओढली.

"इथं काय आहे?" तिनं एका खाडीवर बोट ठेवलं.

"माहीत नाही," हुलुसी म्हणाला. "थांबून बघू."