दाराशेजारी बसणाऱ्या आक्का

“मागलं दार उघडं हाय न्हवं?”

कुठल्याही सभागृहात शिरल्यावर आक्कांचा हा पहिला प्रश्न असे. खुर्च्या मांडल्या आहेत का, पंखे चालतात का, हे त्या नंतर बघायच्या. आधी मागचं दार शोधायच्या, कडी स्वतःच्या हातानं काढायच्या, दार थोडं ढकलून बघायच्या आणि त्याच्या शेजारी बसायच्या. लग्नाच्या जेवणातही त्यांची जागा दाराजवळचीच. असं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला भित्रं म्हणतो आणि पुढं जातो.

आक्का बेळगावातल्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. घर तिथल्याच शहापूर भागातल्या विणकरांचं. मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. आम्ही काही जण एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर माहितीपट दाखवायचो. चित्रपट बहुतेक इंग्रजी, प्रेक्षक अर्धे मराठी, अर्धे कन्नड. म्हणून आक्का पडद्याच्या बाजूला स्टूल टाकून बसायच्या आणि चालू चित्रपट दोन्ही भाषांत सांगायच्या. मध्यंतरापर्यंत आधी मराठी, मग कन्नड. मध्यंतरानंतर उलट. हा क्रम त्यांनी कधी चुकवला नाही. पडदा लावायची जागाही त्यांनीच ठरवली होती, कारण मागचं दार तिथंच होतं आणि ते जिन्यावर उघडायचं.

त्यांची सांगायची पद्धत वेगळी होती. पडद्यावरचं माणूस बोलत असताना त्या गप्प राहायच्या. त्यानं श्वास घेतला की तेवढ्यात दोन वाक्यं सांगून मोकळ्या. ही सवय घरातली. त्यांचे वडील हातमागावर बसत, आणि मागावरच्या माणसाशी बोलायचं तर सुताचा धोटा खटखटत इकडून तिकडं जाण्याच्या मधल्या फटीत बोलावं लागे.

“दुसऱ्याच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा न्हाय,” त्या म्हणायच्या. “वर्गात चढवला तेवढा बास.”

भीतीचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. लहानपणी गल्लीत जमाव आला होता. घराला दार एकच. वडिलांनी माग थांबवला, आईनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला, आणि जमाव जाईपर्यंत तो काढला नाही.

“कुणाचा जमाव?” मी विचारलं.

“जमावच होता,” आक्का म्हणाल्या.

आफ्रिकेतल्या एका देशाच्या स्वातंत्र्यावरचा माहितीपट आमच्या हाती आला तेव्हाची गोष्ट सांगतो. तो काढला होता त्या देशावर राज्य करून गेलेल्यांपैकीच कुणीतरी. निवेदक सुरेख इंग्रजी बोलत होता. उतरणारा झेंडा, पांढऱ्या टोप्यांतले अधिकारी, बँड, कचेरीच्या आवारात जाळले जाणारे कागद, टेबलावरचा नकाशा आणि त्यावर पट्टीनं ओढलेल्या सीमा. मग त्या देशातली एक म्हातारी बोलू लागते. तिनं तोंड उघडलं की लगेच निवेदकाचा आवाज तिच्यावर पसरतो : स्वातंत्र्याचा तो दिवस ती आनंदानं आठवते. म्हातारी मात्र खूप वेळ बोलत राहते.

आम्ही हे आक्कांच्या घरी, त्यांच्या मुलाच्या संगणकावर पाहत होतो. आक्कांनी तिथंच थांबवायला लावलं.

“परत लावा.”

परत लावलं.

“बघा, ती कुठं बघत्या. तुमच्याकडं बघत न्हाय, कॅमेऱ्याकडं बघत न्हाय. उजवीकडं बघत्या. थोडं बोलत्या, परत बघत्या. तिकडं दार हाय. आणि दारात कुणीतरी उभं हाय.”

मला काही दिसलं नव्हतं. दैनिकाच्या कचेरीत आम्ही फोटोच्या आत काय आहे ते बघतो, चौकटीबाहेर काय आहे ते नाही.

“आनंदानं म्हणं,” आक्का म्हणाल्या. “आनंदानं आठवणारं माणूस दाराकडं बघतंय व्हय?”

चित्रपट दाखवायच्या परवानगीसाठी अर्ज दिला होता, त्याच्या चौकशीला पोलीस आले. त्यांचा प्रश्न एकच : “फिल्म कन्नड का मराठी?”

“इंग्लिश,” मी म्हणालो.

“मग काय प्रॉब्लेम न्हाय.” त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. चहा घेऊन गेले.

“बघा,” आक्का हसल्या, “सायबाच्या भाषेत असलं की कुणालाच भ्या न्हाय.”

घोळ आमच्याच हातून झाला. आमच्यातल्याच एकानं जाहिरातीचा फलक रंगवला. त्यात एक नकाशा, त्यावर पट्टी धरलेला हात आणि ठळक रेघ. आफ्रिकेचं नाव खाली, लहान अक्षरांत. दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी तो पाहून न पाहिल्यासारखा केला असता. बेळगावात नकाशा आणि रेघ पाहिल्यावर खालची बारीक अक्षरं कोण वाचणार? फलकाला काळं फासलं गेलं. कुणी फासलं ते कळलं नाही. सीमावादातल्या दोन्ही बाजूंना तो आपल्यावरच आहे असं वाटलं असणं शक्य होतं. आम्ही फलक काढून घेतला, पण बोलणं गावभर झालं होतं.

मग आक्कांना फोन आला. नाव न सांगणाऱ्या माणसानं एवढंच म्हटलं, की तुमच्या पोराच्या दुकानाला नवी काच लई भारी बसवलीय, सांभाळा. मुलाचं साड्यांचं दुकान शहापुरातच होतं, आणि काच खरोखरच नवी होती.

“कुठल्या भाषेत बोलला?” मी विचारलं.

“ते सांगणार न्हाय. तुम्ही छापाल.”

मुलगा हात जोडून म्हणाला, “आई, पाया पडतो तुझ्या. इंग्लिश हाय तर इंग्लिशच पळू दे. तू तोंड उघडू नको. तू काय आफ्रिकेची हायस?”

“न्हाय रं,” आक्का म्हणाल्या. त्यांनी त्याला शब्द दिला. बोलणार नाही, नुसतं बसून येईन.

खेळाच्या दिवशी हॉल भरला. आक्कांनी कडी काढली, दार ढकलून बघितलं आणि स्टुलावर बसल्या. दिवे मालवणार इतक्यात समोरच्या मुख्य दारात चार माणसं येऊन उभी राहिली. ती आमच्या नेहमीच्या प्रेक्षकांतली नव्हती. मी बसा म्हटलं. ती बसली नाहीत.

चित्रपट सुरू झाला. इंग्रजी निवेदन वाहत राहिलं. लोक चुळबुळू लागले. मधूनच कुणीतरी म्हणालं, “आक्का, सांगा की वो.” पाठोपाठ कन्नडमधूनही तीच मागणी झाली. आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्यांची नजर त्या चौघांवरून हलत नव्हती. मला वाटलं, आता या उठतील आणि मागच्या दारानं जिना उतरतील. उतरल्या असत्या तर कुणीही काही म्हटलं नसतं.

म्हातारी पडद्यावर आली. निवेदक म्हणाला, आनंदानं.

आक्का उठल्या. “थांबवा,” त्या यंत्र चालवणाऱ्याला म्हणाल्या. चित्र गोठलं. म्हातारीची मान उजवीकडं वळलेली होती.

आक्कांचा आवाज इतका कापत होता की पहिले शब्द कळलेच नाहीत. मग कळले. “हा माणूस सांगतो, ही आनंदात हाय. मी असं सांगणार न्हाय. ही काय बोलली मला म्हाईत न्हाय. पण ही भ्यालेली हाय. तेवढं मला दिसतंय.” मग तेच कन्नडमध्ये. क्रम चुकला नाही.

मुख्य दारातून त्या चौघांपैकी एकानं मोठ्यानं विचारलं, “मग काय म्हणाली ती?”

“त्यांनी आपल्याला ऐकूच दिलं न्हाय,” आक्का म्हणाल्या. “तिच्या गावचं कुणी आलं तर त्यालाच इचारायला पायजे. तुम्ही न्हाय सांगू शकत, मी न्हाय, हा सायेबबी न्हाय.”

त्या बसल्या. म्हणजे स्टूल हातानं चाचपलं आणि त्यावर टेकल्या. उरलेला चित्रपट त्यांनी सांगितला, नेहमीसारखा, फटींमधून. चौघे शेवटपर्यंत उभे होते. निघताना ज्यानं प्रश्न विचारला होता तो खुर्च्यांमधून थेट पडद्यापाशी आला आणि म्हणाला, “आक्का, घरी नीट जावा.”

हे वाक्य आमच्याकडं रोज कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणतं. आक्कांनी ते किती तरी वेळा मला परत म्हणून दाखवलं. कधी मायेच्या सुरात, कधी दुसऱ्या. “तुम्ही तिथं होता. कसं म्हणाला तो?”

काच फुटली नाही. पण मुलानं ती काढून लोखंडी शटर बसवलं, आणि आक्का पुन्हा हॉलवर आल्या नाहीत. “पोराला दिलेला शब्द एकदा मोडला, बास,” म्हणाल्या. मी भेटायला गेलो की दुकानात भिंतीला पाठ लावून बसलेल्या दिसायच्या. गल्लीतून मोटारसायकल गेली की बोलणं थांबायचं, आवाज लांब गेला की पुढचं वाक्य. त्या गेल्या तेव्हा मी बाहेरगावी होतो. चार ओळींची बातमी दुसऱ्या कुणीतरी लिहिली. भाषांतर करणाऱ्या निर्भीड शिक्षिका, असं त्यात होतं.

यंदा आमच्या हॉलमध्ये शहापूरच्या मागांवरचा एक माहितीपट दाखवला. बाहेरची मंडळी काही वर्षांपूर्वी येऊन चित्रित करून गेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. रिकामे माग, साड्या, गल्ली, देऊळ, आणि एकदम आक्का. दुकानात बसलेल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि एका गोड, कमावलेल्या आवाजानं सांगायला सुरुवात केली, की ही वृद्धा बालपणीच्या आठवणींत रमून गेली आहे.

आक्का बोलत होत्या. थोडं बोलत होत्या आणि उजवीकडं बघत होत्या. पुन्हा बोलत होत्या, पुन्हा बघत होत्या. मग त्यांनी कॅमेऱ्यामागच्या कुणाला तरी एक लहानसा प्रश्न विचारला. आवाज आमच्यापर्यंत पोचला नाही. ओठांची ती हालचाल मी सभागृहात शिरताना इतक्या वेळा पाहिली होती की आवाजाची गरज नव्हती.

पडद्याशेजारी आता स्टूल नसतं. मी अंधारात उठलो, लोकांचे पाय चुकवत पुढं गेलो. मागच्या दाराला कडी होती. ती काढली, दार थोडं ढकलून बघितलं, आणि तिथंच उभा राहिलो.