ब्रेककाका आणि बारा नंबरची खाट

आमच्या काकांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव आहे, पण ते आता फक्त पेन्शनच्या कागदांवर वापरात आहे. बाकी जगासाठी ते ब्रेककाका. बस डेपोत ते चौतीस वर्षं तपासनीस होते. रस्त्यावर जाणारी प्रत्येक बस आधी त्यांच्या हाताखालून जायची आणि ते स्वतः बसखालून जायचे, पाठीवर आडवे होऊन, टॉर्च दातांत धरून. "गाडीची तब्येत तिच्या पोटाखाली झोपल्याशिवाय कळत नाही," असं ते सांगायचे. चौतीस वर्षांत त्यांनी एकही बस पहिल्या फटक्यात पास केली नाही. कारखान्यातून त्याच सकाळी आलेल्या कोऱ्या करकरीत बसचेही त्यांनी चार दोष काढले होते. ड्रायव्हर लोक त्यांना शिव्या घालायचे. पण शिव्या घालायला सगळे जिवंत राहिले, हे काका अभिमानाने सांगतात.

डेपो सुटला, तपासणी सुटली नाही. माझ्या मुलीसाठी मी बाबागाडी आणली, तेव्हा काकांनी तिच्यात आधी पाच किलो बटाटे बसवले, ब्रेक लावला आणि इमारतीसमोरच्या उतारावर सोडून दिली. गाडी गेली, बटाटे गेले, एक बटाटा तर थेट चौकापर्यंत गेला. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या जागी नात असती!" मी ती गाडी परत केली. दुसरी आणली. तीही बटाट्यांनीच पास केली.

काकांनी लग्न केलं नाही. एकही स्थळ पहिल्या फटक्यात पास झालं नाही, असं घरचे म्हणतात. ते राहायचे त्यांच्या थोरल्या बहिणीबरोबर, म्हणजे माझ्या आत्याबरोबर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. आजी गेली तेव्हा आत्या सोळा वर्षांची होती, काका आठ, आणि माझे वडील मधले. आत्याने शाळेचे गणवेश शिवून दोघांना वाढवलं. तिने किती हजार चड्ड्या शिवल्या असतील ते तीच जाणे. आमच्या गावातल्या दोन पिढ्या तिच्या काजांवर भरवसा ठेवून मोठ्या झाल्या.

तर ही आत्या एकोणऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, डॉक्टर म्हणाले, "शनिवारी सोडतो. पण घरी नेऊ नका. दिवसरात्र माणूस लागेल, दर दोन तासांनी कूस बदलावी लागेल. चांगलं शुश्रूषागृह बघा. सध्या काही महिने. पुढचं पुढे."

काका बाहेरच्या बाकावर बसले. बहीण पडली तेव्हा त्यांनी तिला एकट्याने उचलायला जाऊन स्वतःची पाठ धरून घेतली होती, हे फक्त मला माहीत होतं.

"शनिवार," ते म्हणाले. "पाच दिवस. तिला परक्या हातांत द्यायची."

"काका, आपण बघू ना चांगली जागा."

"बघू नव्हे. तपासू."

आत्याला सांगायला आत गेलो, तर तिने डॉक्टरांचं सगळं ऐकलेलं होतं.

"धाकट्या, तोंड पाडू नकोस. जाते मी. पण जागा तू बघून ये."

"ताई, मी एकेक स्क्रू बघणार."

"स्क्रू मरू देत. बटणं बघ."

"कसली बटणं?"

"तिथल्या म्हाताऱ्यांच्या कपड्यांची. बटण तुटलं तर म्हातारा सांगत नाही. कुणाच्या तरी आपणहून लक्षात यावं लागतं. आणि आधी स्वतःचं बघ. दुसरं बटण कुठे आहे?"

काकांनी छातीवर हात नेला. निळ्या शर्टाचं दुसरं बटण गायब होतं. आत्या तीन आठवडे घरी नव्हती, त्याचा हा पुरावा.

"मी ब्रेक तपासणारा माणूस," जिन्यात ते पुटपुटले, "आणि ही मला बटणं बघायला सांगते."

काकांकडे डेपोच्या रद्द झालेल्या फॉर्मचा एक गठ्ठा होता. त्यावर रकाने छापलेले: ब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, टायर, दिवे, संकटकालीन दरवाजा, प्रथमोपचार पेटी, शेरा. डॉक्टरांनी दिलेल्या यादीत तीन नावं होती, म्हणून त्यांनी तीन फॉर्म काढले, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं आणि मंगळवारी सकाळी माझ्या गाडीत येऊन बसले. आधी माझ्या गाडीचा ब्रेक दोनदा दाबायला लावला.

पहिलं शुश्रूषागृह बघून मी तर हरखलोच. आत शिरताच कारंजं, काचेचा जिना, आणि सुटाबुटातले एक व्यवस्थापक, ज्यांच्या प्रत्येक वाक्यात 'आपुलकी' हा शब्द एकदा यायचाच.

"आमच्याकडे आपुलकीचं वातावरण आहे."

"हॉर्न दाखवा," काका म्हणाले.

"काय?"

"घंटा हो. माणसाला काही झालं तर दाबायची."

घंटा होती. तिची वायर मात्र पडद्याच्या दांड्याला गुंडाळलेली होती, जमिनीपासून सात फुटांवर. "आजीआजोबा उगाच दाबत बसतात," व्यवस्थापक हसत म्हणाले. काका खुर्चीवर चढले, घंटा दाबली आणि स्टॉपवॉच सुरू केलं. अकरा मिनिटांनी एक कर्मचारी आला, तोही "साहेब, तुमचा फोन आलाय" हे व्यवस्थापकांना सांगायला. मग काकांनी संकटकालीन दरवाजा विचारला. तो प्लास्टिकच्या एका भल्यामोठ्या झाडामागे सापडला. कुलूप लावलेला.

"किल्ली?"

"ती... ऑफिसात असते. आपुलकीने जपून ठेवलेली."

त्या फॉर्मवरच्या नोंदी मी वाचल्या आहेत. हॉर्न: आहे, प्रवाशाचा हात पोचत नाही. संकटकालीन दरवाजा: झाड. शेरा: रस्त्यावर सोडू नये.

बुधवारचं दुसरं ठिकाण साधं होतं आणि माणसं फार गोड होती. इतकी गोड की काकांनाही दोष काढताना वाईट वाटत होतं. पण फरशी ओली, न्हाणीघरात धरायला दांडी नाही, आणि चाकांच्या सहाही खुर्च्यांचे ब्रेक गेलेले.

"मग उतारावर काय करता?" काकांनी विचारलं.

तिथल्या बाईंनी अभिमानाने एक वीट दाखवली. चाकाखाली लावायची. विटेला सुंदर कापडी खोळसुद्धा शिवलेली होती.

ब्रेक: वीट. शेरा: माणसं पास, गाडी नापास.

गुरुवार उजाडला. यादीत एकच नाव उरलं होतं.

तिसरी इमारत पाहून माझा उरलासुरला धीर सुटला. रंग उडालेला, फाटक करकरणारं, पाटीवरची दोन अक्षरं पडलेली. आत कारंजं तर नव्हतंच, पण घाणही येत नव्हती. साबणाचा आणि शिजणाऱ्या सूपचा वास येत होता. दारातच एका ताईंनी वही पुढे केली, "मोठ्या सिस्टर राउंडला आहेत. सही करा, हात धुवा आणि बघा काय बघायचं ते. फक्त कुणी झोपलं असेल तर उठवू नका."

"सगळं बघू?"

"लपवायला जागा आहे कुठे इथे?"

काका म्हणाले, "तू स्वयंपाकघर बघ. मी खोल्या."

मी गेलो. आणि तिथेच घोटाळा झाला. खिडकीजवळची बारा नंबरची खाट रिकामी होती. काकांनी तिच्या चाकांचे ब्रेक बघितले, दांडी हलवून बघितली, आणि मग चौतीस वर्षांची सवय आडवी आली, म्हणजे काकाच आडवे झाले. छताचा दिवा डोळ्यांत येतो का, पाण्याचा पेला हाताला लागतो का, घंटा सापडते का, हे सगळं झोपल्याशिवाय कसं कळणार? पायाने भिंतीला जोर लावला. खाट तसूभर हलली नाही. उशीशेजारी घंटा होती. त्यांनी ती दाबली आणि स्टॉपवॉच सुरू केलं.

काकांना एक गोष्ट माहीत नव्हती. बारा नंबरच्या खाटेवर त्या दुपारी एक नवे आजोबा यायचे होते.

चाळीस सेकंदांत एक जाडजूड मावशी आल्या. "आलात का आजोबा? अगं बाई, बूट घालून खाटेवर?"

काका तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या मनात आलं की गाडी चालू असताना तपासायची संधी रोज मिळत नाही. त्यांनी तोंड मिटलं. मावशींनी बूट काढले, पायांत न घसरणारे मोजे चढवले, टाचा दाबून बघितल्या, "कुठे लाल नाही ना झालंय?" म्हणून पाठही बघितली, आणि शर्ट उतरवून एक स्वच्छ झबलं चढवलं.

"शर्ट कुठे नेताय?" काका घाबरून म्हणाले.

"खात नाही हो तुमचा शर्ट. पडून राहा."

मग मोठ्या सिस्टर आल्या. बुटक्या, चष्म्याच्या, हातात गोळ्यांचा ट्रे.

"नाव सांगा आजोबा."

काकांनी ठोकून दिलं एक नाव. सिस्टरांनी यादी बघितली, काकांच्या मनगटावर नावाची पट्टी आहे का ते बघितलं, पुन्हा यादी बघितली.

"हे नाव नाही माझ्याकडे."

"असू द्या हो. पाठ दुखतेय. द्या एक गोळी."

"दुखत असेल तर डॉक्टरांना बोलावते. पण यादीत नाव नसलेल्या माणसाला मी गोळी देणार नाही. माझ्या सासऱ्यांनी मागितली तरी नाही."

"एवढी एक पांढरी?"

"आजोबा, हट्ट करू नका. मावशी! डोकी मोजा."

मी स्वयंपाकघरातून परत आलो तेव्हा व्हरांड्यात मोजणी चालली होती. पंचवीस माणसं असायला हवी होती, सव्वीस भरत होती. आणि दारात एक खरेखुरे नवे आजोबा आपल्या सुनेबरोबर उभे होते आणि विचारत होते, "माझ्या खाटेवर हा कोण झोपलाय?"

मी आत डोकावलो. झबलं, मोजे आणि गळ्यात स्टॉपवॉच अशा थाटात काका बसले होते.

"काका!"

"चाळीस सेकंद," काका भारावून म्हणाले. "अरे, चाळीस सेकंद!"

सिस्टरांना मी सगळं समजावलं. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आजारी नाही?"

"नाही."

"मग उठा की! माझा पेशंट उभा आहे!"

त्या ओरडल्याही कामापुरत्याच, आणि लगेच नव्या आजोबांसाठी चादर बदलायला लागल्या. मावशींनी आणून दिलेला शर्ट काकांनी खालमानेने घातला, फॉर्म भरला आणि सिस्टरांच्या टेबलावर ठेवला. नऊ दोष. फाटक करकरतं, सात नंबरजवळचा दिवा बंद, न्हाणीघरातली एक दांडी सैल, वगैरे. सिस्टरांनी चष्मा सारून वाचला. रागावतील असं मला वाटलं होतं.

"दांडी सैल आहे? कुठली?" असं म्हणत त्या स्वतः न्हाणीघराकडे चालू लागल्या.

गाडीत मी विचारलं, "मग? पास?"

काका चुळबुळत होते. "हॉर्न चांगला. ब्रेक चांगले. पण नऊ दोष आहेत रे. ताईला नऊ दोषांच्या गाडीत कसं बसवू? उद्या आणखी एखादी जागा मिळाली तर..."

शनिवार परवावर आला होता आणि हा माणूस अजून दोष मोजत होता.

हॉस्पिटलात गेलो. काका पहिल्या दिवसापासूनचे रकाने वाचून दाखवायला लागले. आत्या ऐकत नव्हती. ती त्यांच्या छातीकडे बघत होती.

"इकडे वाक."

"काय झालं?"

"वाक म्हणते ना!"

काका वाकले. आत्याने त्यांच्या शर्टाचं दुसरं बटण चिमटीत धरलं. निळ्या शर्टावर पांढरं बटण, हिरव्या दोऱ्याने लावलेलं. तिने ते ओढून बघितलं, उलटं करून गाठ बघितली, पुन्हा ओढलं.

"हे कुणी लावलं?"

काकांनी खाली बघितलं आणि ते पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं. "त्या मावशी... शर्ट घेऊन गेल्या होत्या खऱ्या. मला वाटलं, घडी करायला."

"तू सांगितलंस लावायला?"

"मला कुठे आठवण होती!"

"रंगाची अक्कल शून्य," आत्या म्हणाली. "पण चारही भोकांतून दोरा घेतलाय, बटणाखाली दोऱ्याचा बुंधा गुंडाळलाय, गाठ आतून मारलीय. घाईतल्या बाईचं काम नाही हे." तिने बटण सोडलं आणि उशीवर डोकं टेकलं. "तिथेच जाते मी."

"ताई, नऊ दोष..."

"तुझे किती आहेत सांगू? तरी साठ-सत्तर वर्षं चालवलाच ना मी तुला?"

शनिवारी आम्ही तिला घेऊन गेलो, तेव्हा फाटक करकरलं नाही. त्याला तेल मिळालं होतं. न्हाणीघरातली दांडी काकांनी लोंबकळून बघितली, ती पक्की होती. काकांचा फॉर्म सिस्टरांनी भिंतीवर चिकटवला होता, नऊपैकी सात दोषांपुढे बरोबरच्या खुणा करून. मावशी दारात आल्या, आत्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "निळा दोरा मिळाला नव्हता का गं?"

"पेटीत हिरवाच उरला होता, आजी."

"आणते मी माझी पेटी."

दोघींचं तिथल्या तिथे जमलं. आत्याची चाकांची खुर्ची खिडकीशी नेली, तेरा नंबरच्या खाटेजवळ. बारा नंबरचे आजोबा काकांकडे संशयाने बघत होते. निघायची वेळ झाली. मी पिशवी ठेवली, नमस्कार केला, दारापर्यंत आलो. काका मात्र खुर्चीच्या दोन्ही मुठी धरून मागे उभेच.

आत्याने मागे न बघता त्यांच्या हातावर थोपटलं.

"सोड आता, धाकट्या. ब्रेक लावलाय मी."

काकांनी मुठी सोडल्या. दोन पावलं चालले. मग परत वळले, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि चाकाजवळ डोकं नेऊन बघितलं.

लावला होता.