धाकटीची बिस्किटं

पुण्याची धाकटी जाऊ चार दिवस गावाकडं आली, कुकरच्या तळाला मीठ पसरून तिनं ओट्सची बिस्किटं भाजली आणि माझ्या बावीस वर्षांच्या स्वयंपाकावर पाणी फिरलं. बावीस वर्षांत थापलेल्या भाकरी मी एकीवर एक रचल्या असत्या, तर वरच्या भाकरीला ढग टेकले असते. पण सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, एकदाही 'चांगलं झालंय' म्हणाले नव्हते. मीठ कमी पडलं की मात्र त्यांचा आवाज तीन शेतांपलीकडं जायचा. आणि धाकटीचं एक बिस्किट चहात बुडवून म्हणाले, "लई झकास. तुझ्या हाताला चव हाय, पोरी."

त्या दिवशी माझ्या डोक्यावर तवा ठेवला असता, तर पोळी टम्म फुगली असती.

ती गेली आणि मामांचं सुरू झालं. सकाळच्या चहाला धाकटीची बिस्किटं, संध्याकाळच्या चहाला धाकटीची बिस्किटं. तिला फोन करून कृती विचारण्यापेक्षा मी विहीर उपसली असती. तशी गरजही नव्हती. ती करत होती तेव्हा मी दारामागं कांदे निवडत बसले होते, आणि घरात कांदे चारच होते. ओट्स, कणीक, तूप, गूळ. वरून मनुके, खजूर, सुके अंजीर आणि जर्दाळू.

आमच्याकडं दिवाळीला बायका पीठ, साखर, तूप घेऊन चौसाळ्याच्या बेकरीत जातात आणि डबाभर बिस्किटं भाजून आणतात. मी भर उन्हाळ्यात गेले. भट्टीवाल्या चाचांनी ओट्स चिमटीत धरून पाहिले.

"भाभी, हे तर म्हशीचं आंबोण हाय."

"पुण्यात माणसं खातात, चाचा."

"तरीच तशी दिसतेत," ते म्हणाले. मला त्यांचा लई आधार वाटला.

भट्टीतून बिस्किटं निघाली ती काळपट, वेडीवाकडी. फुगलेले मनुके असे बाहेर आलेले, की प्रत्येक बिस्किट चार डोळ्यांनी माझ्याकडं बघत होतं. घरी येईपर्यंत माझं अवसान गळालं. मामांनी एक उचलून उलटंपालटं केलं.

"कुणी केली?"

बावीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो आला आणि माझी जीभ घसरली. "धाकटीनं पाठवलीत. एसटीनं."

वाईट निघाली तर तिचं नाव खराब होईल, एवढंच माझ्या मनात. मामांनी एक खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं हातात धरून म्हणाले, "ही तर मागच्यापेक्षा भारी हायेत."

"मामा, ती ना..." मी तोंड उघडलं, पण त्यांनी फोन लावलासुद्धा, तोही स्पीकरवर.

"पोरी, बिस्किटं पोचली. लई झकास."

तिचं उत्तर येईपर्यंत मी तीनदा मेले आणि दोनदाच जिवंत झाले. मग धाकटी मधाळ आवाजात म्हणाली, "आवडली ना मामा? अजून पाठवते की. आणि ताईंनाही द्या बरं का एखादं."

फोन ठेवून मामांनी डबा माझ्यापुढं सरकवला. "घे, तू बी खाऊन बघ. जरा शीक तिच्याकडून."

मी खाल्लं. खोटं कशाला बोलू, लई चांगलं झालतं. दुसरं उचलायला हात घातला, तर मामांनी डबा मागं ओढला.